दाराची चौकट

फ्रान्स, मार्च १९१७

प्रिय आई,

आपला एमलिन आता माझ्याच इस्पितळात आहे. हातपाय शाबूत आहेत, सूप पितो. काळजी करू नकोस.

दोन वर्षं तो खंदकात होता. तिथे डोकं वर काढलं की गोळी लागते. काल त्याला अंगणात नेलं. वर नुसतं आभाळ, तरी तो कमरेत वाकूनच चालला.

मी म्हटलं, "ताठ चाल की रे, ताडमाडा."

तो म्हणाला, "ताई, तूपण वाक."

मी वाकले. डॉक्टरकीची पदवी घेऊन इथे आले होते, माणसं बरी करायला.

बाबांचा खोकला कसा आहे? एमलिनचं डोकं आपटतं म्हणून ते दाराची चौकट उंच करणार, असं तू लिहिलंस. त्यांना म्हणावं, राहू दे. आता आपटणार नाही.

तुमच्या आठवणीत,
तुझी ग्वेन