मधुराचं सतरावं

उज्जैन, १२ फेब्रुवारी २०२४

चि. मृण्मयी हिस माईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट काल पोहोचलं. पोस्टवाल्याने विचारलं की अम्मा, पुण्याहून दर महिन्याला एवढं भारी काय येतं? मी म्हटलं, माझी मुलगी येते, थोडी थोडी. तो हसला आणि सायकल जरा जोरातच काढली. म्हातारी सटकली असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

तुझं पत्र माझं मीच वाचते, दुसरी पास आहे मी. पण प्रकरणं लांब असतात म्हणून ती जयू वाचते. तीच, बगलच्या घरातली, बँकेतून रिटायर झालेली. दुपारी चहा घेऊन येते, चष्मा पुसते आणि सुरू होते. काल मधुरा अकरा वर्षांची झाली. तुझे आजोबा तिला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून देवास गेटवर जलेबी खायला नेतात, तिथे तर मी जयूला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. ते असेच होते गं. दवाखान्यात दिवसभर औषधाच्या पुड्या बांधायचे, पण हाताला वास यायचा साबणाचा. हे तुला कोणी सांगितलं? मी तर नाही.

पोरी, तुझं पहिलं पुस्तक मला फार कळलं नव्हतं, खरं सांगते. त्यात सगळे नुसते खिडकीपाशी गप्प बसतात. हे मात्र माझं आहे. नऊ दिवसांची होती माझी पोर गेली तेव्हा. मी एकोणीस-वीसची, पहिलं बाळंतपण. पाळकसाहेब इंदूरला गेलेले, परत येईपर्यंत ती थांबली नाही. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून सासऱ्यांनी घरच्या शास्त्रात, त्या मोठ्या बायबलात, तिचं नाव लिहिलं नाही. लिहिणार काय, नावच नव्हतं. तुला ठाऊक आहे ना, शास्त्राच्या मधोमध ती चार पानं आहेत, जन्म, बाप्तिस्मा, विवाह, मरण. सासरे नियमाचे पक्के. त्यांच्यानंतर तुझे आजोबा लिहायचे, आता ते पुस्तक माझ्याकडे आहे.

तर सांगायचं असं की मी परवा लिहून टाकलं, तू दिलेलंच नाव. जन्माच्या पानावर, तुझ्या बापाच्या वर थोडी जागा होती. मधुरा शमुवेल साळवे, १९६४. अक्षर वाकडं आलंय, पण वाचता येतं.

आता माझी सूचना ऐक. तिला देवी येऊ देऊ नकोस, त्या वर्षी मोहल्ल्यात फार होत्या. आणि रामघाटावर पाण्यात उतरवू नकोस, पायऱ्यांवर शेवाळ असतं. मी तुला फोनवर सांगणार होते, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि बाकीचं निम्मं मी मनाने भरते.

जेवत जा वेळेवर.

तुझी माई

*

पुणे, २८ फेब्रुवारी २०२४

ती. माईस सप्रेम सलाम. वि. वि.

पत्र पोहोचलं. तू तिचं नाव लिहिलंस हे मी दोनदा वाचलं. आनंद झाला असं लिहिते. झालाच. पण थोडी भीतीही वाटली.

मी कुठे बसून लिहिते ते तू मागे विचारलं होतंस. वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत. म्हणून रविवारी उपासना झाली की चर्चच्या मागच्या खोलीत बसते. तिथे गायकमंडळाचे पांढरे झगे खुंटीला टांगलेले असतात, बाजाची पेटी आहे, आणि एक मोडकं टेबल. झग्यांकडे पाठ करून बसते, नाहीतर कोणीतरी वाचतंय असं वाटतं. हाताने लिहायचं आणि मग शाळेतलं काम संपलं की तिथल्याच संगणकावर उतरवायचं. तू सांगितलेल्या नऊ दिवसांमधून एवढी मोठी मुलगी निघाली, माई. तू ती गोष्ट मला एकदाच सांगितलीस, वाटाणे सोलताना, आणि वर मान केली नव्हतीस. ती मान मला दिसत राहते.

घाटाचं प्रकरण मी लिहिलेलं होतं. मधुरा पाय घसरून पडते, वाचते, पण पाण्याची भीती तिच्या अंगात कायमची राहते, असं होतं. तुझं पत्र आलं त्या दिवशी खोडलं.

माझ्या प्रकाशकांकडच्या पल्लवीताईंनी पहिली पंधरा प्रकरणं वाचली. त्या म्हणाल्या की लहानपण छान आहे, पण पुढे पुढे ही मुलगी कोणीतरी कापसात ठेवल्यासारखी वाटते. विचार करते आहे.

सोबतच्या प्रकरणांत बँकेतला तरुण क्लार्क, विनायक, आता तिच्या मागे लागणार आहे. तुला आवडणार नाही, माहीत आहे.

तब्येत जप. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुझी नात
मृण्मयी

*

उज्जैन, १० मार्च २०२४

चि. मृण्मयीस माईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

विनायक! अगं, तो माणूस मला पहिल्या ओळीपासून आवडला नाही. केसांना इतकं तेल आणि जिन्यात उभं राहून शिट्टी. जयूला मात्र आवडला, ती म्हणाली तिच्या बँकेत असाच एक होता. असेल. त्याची तू बदली करून टाक, नागपूरला नाहीतर आणखी लांब. मधुराला अजून शिकू दे. सतराची तर आहे. मला सतराव्या वर्षी दाखवलं आणि अठराव्या वर्षी इथे आणून सोडलं, मराठी बोलायला मोहल्ल्यात कोणी नाही, सब्जीवालीशी हातवारे करायची मी.

पाळकसाहेब प्रार्थनेला आले होते. नवीन आहेत, तरुण, हिंदीच बोलतात. शास्त्र उघडलं आणि नेमकं ते पान निघालं. त्यांनी विचारलं ही मधुरा कोण. मी सगळं सांगितलं, तुझ्या पुस्तकाचंही. ते हळूच म्हणाले की माई, यात फक्त सच्ची बात लिहायची असते. मी म्हटलं, मुलगी सच्चीच होती साहेब, नुसतं नाव नवीन आहे. त्यावर त्यांनी चहा घेतला. दोन बिस्किटंही घेतली. समजूतदार वाटले.

मरणाच्या पानाकडे मी बघितलंही नाही. तिथे माझा नंबर आधी, हे मधुराला सांगून ठेव.

तिला ताप येऊ देऊ नकोस. कोणाशी भांडू देऊ नकोस, विशेषतः माझ्याशी. मागच्या प्रकरणात तिने मला उलट उत्तर दिलं ते जयूने वाचलं तेव्हा मी चहा तसाच खाली ठेवला. काढता येईल का ते? आणि बागेला पाणी घालते ते दोन्ही भाग मला फार आवडले. शांत वाटतं. जयू वाचता वाचता पेंगली, पण आता उन्हाळा लागलाय इकडे, त्यात महाकालला येणाऱ्या लोकांच्या भीडमुळे दिवसभर भोंगे. तिची चूक नाही.

ईस्टरला ये. पुरणपोळी करीन. मधुराचं अठरावं सोबत घेऊन ये, पोस्टाने नको.

तुझी माई

*

पुणे, २५ मार्च २०२४

ती. माईस सप्रेम सलाम. वि. वि.

मी ईस्टरला येत नाही. शाळेने जालन्याच्या शाखेत पाठवायचं ठरवलं आहे, एक तारखेला हजर व्हायचं. मीच हो म्हटलं.

दुसरी गोष्ट लिहायला मला चार दिवस लागले. पुस्तक मी थांबवलं आहे. थोडे दिवस नाही, कायमचं.

तीन रविवार मी त्या टेबलाशी बसले. विनायकची बदली केली, भांडण काढलं, ताप काढला. मधुरा बागेला पाणी घालून आत आली आणि खाटेवर बसली. त्यानंतर ती उठतच नाही, माई. तिला कुठे पाठवायचं म्हटलं की मला तू दिसतेस, चहाचा कप हातात धरून ऐकणारी. पल्लवीताई म्हणाल्या तू आजीला दाखवणं बंद कर. तेही करून पाहिलं. पण तू ऐकत नसलीस तरी तू आहेसच. मुलीला काहीच होऊ द्यायचं नाही असं ठरलं की तिचं काहीच होत नाही.

यात तुझी चूक नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं, प्रत्येक वेळी खोटं दिसतं, पण खरं आहे. जिच्या हाताने लिहायचं तिच्यातच तेवढं बळ पाहिजे. माझ्यात नाही. पहिलं पुस्तक कसं झालं तेही आता आठवत नाही.

तुला पाठवायला काही उरू नये म्हणून सगळे कागद वसतिगृहाच्या बंबात घातले. संगणकावरचंही पुसलं. तुझ्याकडची प्रकरणं तुझ्याकडे राहू देत. पुढचं मागू नकोस, एवढंच.

तुझी
मृण्मयी

*

उज्जैन, ४ एप्रिल २०२४

चि. मृण्मयीस माईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र जालन्याच्या पत्त्यावर टाकते आहे, तुझ्या बापाकडून पत्ता घेतला. तिकडे पाण्याचा त्रास असतो म्हणे, उकळून पीत जा.

तुझं पत्र शनिवारी, तीस तारखेला आलं. मी तीनदा वाचलं, माझं वाचन सावकाश. मग जयूकडे गेले आणि तिला म्हटलं, लिही, तुझं अक्षर भरभर आहे. मधुराला ताप येऊ दे. देवी येऊ देत, तोंडावर व्रण राहिले तर राहू देत. घाटावर पाय घसरू दे. विनायकाशी पळून जाऊ दे, त्याच्या तेलासकट. मला उलट बोलू दे, माझं तोंडही पाहू नको म्हणू दे. जयूने सगळं लिहून घेतलं. खाली सही करायला मी पेन घेतला आणि मला बंबाचं आठवलं. तो कागद जयूकडेच आहे. ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत आली.

रविवारी ईस्टरच्या उपासनेला गेले. सगळे एकमेकांना म्हणत होते तो उठला आहे, तो उठला आहे. मीही म्हणाले. पुरणपोळी केली होती, मोहल्ल्यात वाटली.

सोमवारी ई-रिक्शा करून कबरस्तानात गेले. तिची जागा कोपऱ्यात कुठेतरी होती एवढं आठवतं. तेव्हा चिंचेचं झाड होतं, आता भिंत आहे. दगड कधी ठेवलाच नव्हता. थोडी उभी राहिले, मग रिक्शावाला भोंगा वाजवायला लागला.

नऊ दिवसांची होती तेव्हा मी तिला कापडात इतकं घट्ट गुंडाळून ठेवायची, वारा लागू नये म्हणून. माझी सासू म्हणायची, सैल कर गं, श्वास तर घेऊ दे तिला. हे मी तुला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

तर घरी आले आणि शास्त्र उघडलं. त्या वेळी तारीख कोणी लिहिली नव्हती, आता लिहिली. मरणाच्या पानावर, तुझ्या आजोबांच्या खाली. मधुरा शमुवेल साळवे, ३० मार्च २०२४, वय १७. गणित जुळत नाही, जयूने दाखवलं. मी म्हटलं राहू दे. मरणाचं कारण लिहायला त्या पानावर जागा नाही. बरं झालं.

तू लिही असं मी म्हणणार नाही. नोकरी नीट कर. लोभ आहे तेवढाच असू दे, वाढवू नकोस. माझा लोभ जड होतो.

तुझी माई