शेवटचे सहा मैल

शनिवार संध्याकाळ, ऑक्टोबर २००६. ॲरिझोना, मोटेल.

आमच्या ग्रुपच्या सायकल सहलीतल्या आजच्या ऐंशी मैलांपैकी चौऱ्याहत्तर मी सायकलवर केले. शेवटचे सहा व्हॅनमधून आले, तेही नको म्हणत असताना. अंघोळ झाली, जेवण झालं, तरी डोकं शांत होत नाहीये.

वारा समोरून होता आणि बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम. मी कडेला फक्त दम खायला थांबले होते. मागून आमची सपोर्ट व्हॅन आली. ड्रायव्हर लिंडाने बसतेस का विचारलं, मी नो म्हटलं, ती निघालीच होती. पण गुडघा दुखतो म्हणून आज व्हॅनमध्ये बसलेले प्रभुणेकाका खाली उतरले.

"अगं, संकोच कसला करतेस?"

"नको काका, खरंच नको."

तर त्यांनी हसत हसत, व्हॅनमध्ये चढवायला म्हणून, माझ्या सायकलचं पुढचं चाक काढलंसुद्धा. वर लिंडाला म्हणाले, "शी इज जस्ट शाय."

शाय? चौतीस वर्षांची बाई मी. लिंडाला कळतं, आणि आपल्या माणसाला कळू नये? सहाच मैल राहिले होते. मग मी बसले तरी का? काकांच्या हातातून चाक हिसकावून घ्यायचं धाडस झालं नाही, म्हणून.

आणि जास्त राग कशाचा येतोय, तर सकाळी निघताना काकांनी बेसनाचा लाडू पुढे केला होता. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी तो हातावरच ठेवला. मला तो पहिल्यापासून हवा होता.

उद्या लाडू पहिल्याच वेळी घेणार. मग बघते, चाकाला कोण हात लावतं ते.