येण्याआधीच परतलेली ताई

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नंतर, आधी राग.

मंगळवार, ४ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तिकडच्या माझ्या बँकेतल्या बाईंचा फोन आला. "तुम्ही कायमच्या परत आलात, असं भाऊ सांगून गेले. परदेशात राहणाऱ्यांचं खातं आता बंद करावं लागेल."

अरे शहाण्या, मी अजून इथेच, माझ्या स्वयंपाकघरात उभी आहे! पेन्शन त्याच खात्यात येतं. जूनमध्ये कायमची तिकडे पोचले की मीच खातं बदलून घेईन. आणि माझी काळजी नको, गुडघे ठीक आहेत, तुझ्या घरचा जिना जमेल.

बाई म्हणाल्या, माझ्यासाठी वरच्या खोलीला रंगही दिलास. वहिनीला विचारून दिलास ना?

बँकेत जाऊन चूक सांगून खातं वाचवलंस का आणि रंग कोणता, दोन्ही २० मार्चच्या आत लेखी कळव.

अजून न आलेली,
ताई