आयपॉड कोणत्याही संगणकास जोडू नये, याविषयी

कै. पुष्पांजली केवलराम परशुरामकर, माहेरची कापगते, पूर्वीचा मुक्काम सौंदड, हल्लीचा पत्ता अज्ञात, हिला उद्देशून —

मृत्युपत्र कोणास उद्देशून लिहावे, याबाबत कायदा मौन बाळगतो. वकिलांनी "सर्व संबंधितांस" असे सुचवले होते. संबंधित म्हणून मला तूच आठवलीस, म्हणून तुला लिहितो. इतरांनी तुझ्या खांद्यावरून वाचावे.

मी, केवलराम खेमराज परशुरामकर, वय अडुसष्ट, एम.ए., ग्रंथालयशास्त्राचा पदवीधर, सेवानिवृत्त महाविद्यालयीन ग्रंथपाल, राहणार सौंदड, तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, परंतु मृत्युपत्रास गुडघे लागत नाहीत. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तू असतीस तर हे वाक्य मला लिहिता आले नसते.

कलम १. सौंदड येथील राहते घर, विहीर व परसबाग चिरंजीव धर्मेंद्र, नोकरी पुणे, आणि कन्या सौ. राजकुमारी, राहणार तिरोडा, यांना समसमान. दोघांनी भांडू नये. भांडणे अपरिहार्य झाल्यास तुझा फोटो आहे त्या खोलीत भांडू नये.

कलम २. तलावाखालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेते, हीही दोघांना, पाण्याच्या पाळीसह.

कलम ३. माझी सर्व पुस्तके गावच्या वाचनालयास. अट एकच: ती विषयवार लावावीत. सध्याचे व्यवस्थापक पुस्तके उंचीप्रमाणे लावतात, त्यामुळे तेथे कायद्याच्या शेजारी पाककृती उभी आहे. हे मी त्यांना तोंडी अनेकदा सांगितले. आता लेखी सांगतो.

कलम ४. हिरो होंडा जावयांना. तिच्या टाकीवरील सफरचंदाचे स्टिकर काढू नये. ते आयपॉडच्या खोक्यात मिळाले होते आणि तूच ते चिकटवलेस. सडक अर्जुनीच्या नाक्यावर हवालदाराने "गुरुजी, सेब का क्या भाव?" असे विचारले होते, तेव्हा तू मागच्या सीटवर इतकी हसलीस की गाडी बाजूला घ्यावी लागली.

कलम ५. आता मुख्य मिळकत.

रुपेरी रंगाचा, ऐंशी जीबीचा, चाकाचा आयपॉड, मूळ खोके व केबलसह. धर्मेंद्रने तो २००८ साली माझ्या सेवानिवृत्तीनिमित्त मला भेट दिला. "मला" हा शब्द मी मुद्दाम लिहितो. सकाळी मी त्याची पुस्तिका वाचावयास घेतली. संध्याकाळी पुस्तिका माझ्याकडे होती आणि आयपॉड तुझ्याकडे. त्याचे ते स्पर्शाचे चाक तू अंगठ्याने असे फिरवीस की जणू देवासाठी वाती वळते आहेस. मला ते कधीच नीट जमले नाही. मी नेहमी पुढच्या गाण्यावर घसरत असे.

माझी भक्ती मात्र आयट्यून्सवर जडली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये गायक, संग्रह, वर्ष व प्रकार असे रकाने असतात, त्यास ग्रंथपाल नाही कसे म्हणणार? नवी आवृत्ती आली की तिच्यात काय बदलले हे मी मुळापासून वाचून काढी आणि जेवताना तुला सांगे. तू म्हणायचीस, "भाजीत मीठ कमी हाये का ते सांगा जी, आवृत्तीचं मंग पाहू."

तुला शफल, म्हणजे गाणी क्रम सोडून वाजणे, आवडे. निवृत्त ग्रंथपालाच्या घरात शफल म्हणजे रोज सकाळी कपाट उलटे करणे होय. मी ते बंद करी, तू सुरू करीस. या विषयावर आपले एकमत झाले नाही आणि आता होण्याची शक्यताही नाही; तरी माझे मत कायम आहे, याची नोंद असावी.

वाचणारास कळावे म्हणून सांगतो, की त्या आयपॉडमध्ये बाजारात मिळणारी गाणी नाममात्र आहेत. झाडीपट्टीच्या नाटकांचे तुला वेड होते. हिवाळ्यात जेथे मंडई, म्हणजे गावची जत्रा, व नाटक, तेथे तू मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन पुढच्या रांगेत. त्या कॅसेटी आपण दोघांनी केबल लावून संगणकात उतरवल्या. मी नाव देई: "झाडीपट्टी नाट्यगीत, गायिका अज्ञात, ध्वनिमुद्रण नवेगाव." माझी पाठ फिरताच तू ते खोडून लिहीस: "नायकीन रडते तवाचं."

"हे नाव नव्हे, वर्णन आहे," मी म्हणालो.

"तुमी गाण्यायचं बारसं करून राहिले का? मले गाणं पाह्यजे असलं तं मी काय मनून शोधू? गायिका अज्ञात?"

पुढे मूळ कॅसेटी वाळवीने खाल्ल्या. ते कलाकारही बरेचसे गेले. गाणी राहिली ती संगणकात आणि आयपॉडात.

या ठिकाणी शेजारी श्री. भैय्यालाल यांच्याविषयीची जुनी तक्रार नोंदवतो. आपल्या आयपॉडवर मात करण्यासाठी त्यांनी गोंदियाच्या बाजारातून लाल दिव्याचा चिनी डबा आणला आणि कुंपणापलीकडून तो आपल्या घराच्या दिशेने वाजवीत राहिले.

"गुरुजी, याच्यात टॉर्च पन हाये," ते म्हणाले. "तुमच्या सफरचंदात हाये का टॉर्च?"

"नाही."

"मंग?"

माझे इयरफोन मी त्यांना देऊ इच्छितो, जेणेकरून मोहल्ल्यास शांतता लाभेल. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने आणि साक्षीदारास लाभ होऊ नये असा संकेत असल्याने, ते इयरफोन मी त्यांना आजच, हयातीत, दिले आहेत. ते अजून त्यांनी वेष्टनातून काढलेले नाहीत.

कलम ६. धोक्याची माहिती.

हा आयपॉड एकाच संगणकाचा असतो. दुसऱ्या संगणकास जोडला की तेथील आयट्यून्स सभ्य इंग्रजीत विचारते: हा दुसऱ्या संग्रहाशी जुळलेला आहे, यातील सर्व पुसून याला माझ्याशी जुळवू काय? खाली दोन बटणे येतात. एक "पुसा आणि जुळवा", दुसरे "रद्द". माणूस घाईत असतो आणि घाईत माणूस नेहमी होकार दाबतो.

सन २०१०च्या दिवाळीत धर्मेंद्रने तो आपल्या लॅपटॉपला लावला. तू करंज्या तळत होतीस.

"काय विचारून राहिला रे तो?" तू म्हणालीस.

"काही नाही आई. जुनं पुसून नवीन भरू का, म्हणतंय. भरू दे ना, दोन हजार गाणी देतो तुला."

तू पिठाच्या हाताने केबल उपटलीस.

"आई! वायर अशी ओढत नसतात! बिघडतं ते!"

"बिघडलं तं बिघडू दे! तो 'पुसू का' मनून विचारून राहिला, अन तू 'दे' मनून राहिला! कायले शिकवलं तुले इंजिनेरी?"

केबलच्या टोकाशी पीठ अजून आहे. मी ते साफ केलेले नाही आणि वारसांनीही करू नये.

सप्टेंबर २०१४मध्ये कंपनीने चाकाचा आयपॉड बनवणे बंद केले. त्याच महिन्यात तू गेलीस. दोहोंपैकी एकाचीही आगाऊ सूचना मला नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात विजेचा दाब वाढून आपला संगणक जळाला आणि त्यातील सर्व संग्रह गेला. तेव्हापासून हा आयपॉड ज्या संग्रहाशी जुळलेला आहे, तो संग्रह जगात नाही. त्यामुळे तो कोठेही जोडला तरी हाच प्रश्न येणार.

मलाही तो विचारण्यात आला. माझी थोरली बहीण रुख्माबाई वर्षश्राद्धानंतर आठ दिवसांनी आली. चहा झाल्यावर म्हणाली, "केवल, घरात बाई नाई तं घर खायले उठते. साकोलीले एक विधवा हाये. नोकरी करते, स्वभाव गाईवानी. मागचं पुसून टाक आता, नवीन सुरू कर."

"ताई, मी 'रद्द' दाबतो," मी म्हणालो.

"काय दाबतोस?"

मी आयपॉड दाखवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि धर्मेंद्रला फोन करून माझी प्रकृती तपासून घेण्यास सांगितले. तिला मी क्षमा केली आहे. तिने आणलेला लोणच्याचा बरणीभर साठा हा त्या क्षमेचा आधार मानू नये.

कलम ७. ~~सबब, सदर आयपॉड माझ्या हयातीत व पश्चात कोणीही, कोणत्याही कारणाने, कोणत्याही संगणकास जोडू नये. तो खोक्यात घालून कपाटात ठेवावा. माझ्या चितेवर ठेवू नये. त्यात बॅटरी आहे, स्फोट होईल व जमलेल्या मंडळींस इजा पोहोचेल.~~

(वरील कलम मी माझ्या हाताने, राजीखुशीने खोडले आहे. खाली सही. कारण पुढे देतो.)

संक्रांतीला राजकुमारी तिरोड्याहून आली होती. तिने हा मसुदा मागितला. मी दिला नाही. तिने घेतला. कलम सातपर्यंत ती हसत होती, नंतर हसली नाही.

"बाबा, हा शेवटचा कधी वाजवला?"

"चार्जरवर लावतो. वाजवीत नाही. झीज होते."

तिने तो सुरू केला. आतून बारीक कट्कट् असा आवाज आला, नंतर गाणे लागले, मध्येच थांबले आणि पुन्हा लागले. ती कट्कट् मी सात महिने ऐकत होतो व कोणास सांगितली नव्हती.

"आतली डिस्क जाऊन राहिली, बाबा. तुमाले माईत हाये ना?"

"मला माहीत आहे."

"मंग काऊन ठेवून राहिले असे? धर्मेंद्र मनते एक सॉफ्टवेअर हाये, न पुसता सगळं बाहेर काढता येते. एका दिवसाचं काम."

"आणि चूक झाली तर?"

"अन नाई केलं तं?" ती म्हणाली. "आपल्या आजोबाच्या आजोबानं तलाव बांधला. तो बांधून झाल्यावर तो बांधाच्या पाळीवर काठी घेऊन बसला असता, का कोनी पानी सोडाचं नाई, माह्या पान्याची झीज होते, तं आपून धान खाल्लं असतं का? आईनं हे गाने काय कपाटात ठेवाले जमवले?"

आम्ही कोहळी, तलाव बांधणारी जात. पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवले, यात आमचा अभिमान आहे. परंतु अडवलेले पाणी वेळेवर सोडले नाही तर एक दिवस ते पाळ फोडून जाते आणि तेव्हा ते कोणत्याच बांधीच्या कामाचे राहत नाही. हे मी वर्गात नव्हे, तलावावर शिकलो होतो, आणि माझ्या मुलीने ते मला माझ्याच घरात शिकवावे याचा मला थोडा राग आला. तो राग रात्रीच्या जेवणापर्यंत टिकला.

कलम ७ (सुधारित). सदर आयपॉडमधील सर्व गाणी बाहेर काढून गावच्या वाचनालयाच्या संगणकावर ठेवावीत. ती कोणा एकाची राहणार नाहीत. ज्यास हवी त्याने आपल्या फोनात, कार्डात वा लाल दिव्याच्या डब्यात भरून न्यावीत. अमुक आधी, तमुक नंतर, असा क्रम कोणी विचारू नये. आयपॉड यंत्र म्हणून राजकुमारीला.

कलम ८. सुधारित कलम ७ची अंमलबजावणी माझ्या मृत्यूपर्यंत थांबू शकत नाही असे दिसून आल्याने, ती आज, रविवार दिनांक २४ जानेवारी २०१६ रोजी, वाचनालयात करण्यात आली. हकीकत अशी:

धर्मेंद्र सुट्टीवर आला होता. त्याने आयपॉड जोडला. अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला. धर्मेंद्रने हात मागे घेतला.

"बाबा, तुम्हीच दाबा. मागच्या वेळी आई होती."

मी चष्मा पुसला, दोन्ही बटणे दोनदा वाचली आणि "रद्द" दाबले. क्षणभर काहीच झाले नाही. पाहावयास जमलेल्या मंडळींतून भैय्यालाल म्हणाले, "गेलं का जी सगळं?" मग धर्मेंद्रने दुसरे सॉफ्टवेअर उघडले आणि नावे एकेक करून उतरू लागली. "नायकीन रडते तवाचं." "राजा मरते अन पावसानं पडदा भिजते तवाचं." "लाईट गेली तरी गायली ते." माझ्या नावांपैकी एकही तू शिल्लक ठेवलेले नाहीस. मी ती दुरुस्त केलेली नाहीत. वाचनालयातही ती याच नावांनी राहतील व व्यवस्थापकांनी ती उंचीप्रमाणे लावू नयेत.

तीन गाणी निघाली नाहीत. डिस्कचा तेवढा भाग गेला होता. सात महिन्यांपूर्वी निघाली असती. हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

पहिले गाणे धर्मेंद्रने तपासण्यासाठी लावले. त्यात सुरुवातीस प्रेक्षकांतील कोणी ओरडतो, "अवो बाई, खाली बसा ना, दिसून नाई राहिलं!" आणि तू, अगदी टेपरेकॉर्डरजवळून, म्हणतेस, "पैसे देऊन आली, उभी राहीन." वाचनालयात सर्व हसले. मीही हसलो. मला रुमाल राजकुमारीने दिला.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, वाचले व मान्य केले. यापूर्वीचे कोणतेही असल्यास ते याने बाद. यापुढचे करण्याची मला गरज वाटत नाही.

सही: के. खे. परशुरामकर
(कलम ७ खोडल्याबद्दल पुन्हा सही: के. खे. प.)

साक्षीदार, ज्यांनी एकमेकांसमक्ष व माझ्यासमक्ष सह्या केल्या:
१. भैय्यालाल डोंगरवार, शेती, सौंदड. (यांनी सही करण्यापूर्वी पाच गाणी भरून घेतली.)
२. मुन्नालाल अग्रवाल, संगणक दुरुस्ती, गोंदिया. ("गुरुजी, इतनी लंबी वसीयत मैंने ज़िंदगी में नहीं देखी," असे म्हणून सही केली.)

स्थळ: ग्रामपंचायत वाचनालय, सौंदड.
दिनांक: २४ जानेवारी २०१६.

नोंद: काम आटोपल्यावर संगणक बंद केला, खिडक्या लावल्या आणि वाचनालयाच्या दारास कुलूप घातले. दोन्ही किल्ल्या ग्रामपंचायतीचे शिपाई श्री. सुकराम यांच्या हाती परत केल्या. निवृत्त ग्रंथपाल म्हणून एक किल्ली जवळ ठेवावी, असे त्यांनी सुचवले. मी ती घेतली नाही.