रोडेलच्या चिलखताचे खवले

१८ ऑक्टोबर

आजही बोटीचा पत्ता नाही. बोटीच्या कंपनीतली बाई रोज फोनवर तेच सांगते — "शोध चालू आहे, नानाय." मी काही तिची आई नव्हे. पण बिचारी गोड बोलते, तिला काय सुनावणार.

वादळात बोट गप्प झाली त्याला चार दिवस झाले. एकोणीस माणसं. त्यात माझा लेक रोडेल. आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त वेंडेल.

१९ ऑक्टोबर

रोडेलची खोली उघडली. टेबलावर त्याचं चिलखत — टीव्हीवरच्या त्या अंतराळ मालिकेतल्या समुद्री पहारेकऱ्याचं. छाती आणि उजवा खांदा तयार. बाकीचे तुकडे नुसते कापलेले, गुळगुळीत. चपलेच्या तळाला लावतो तोच फोम. सुट्टीवर येऊन पुरं करणार होता. डिसेंबरच्या वेशभूषेच्या मेळ्यात तो आणि वेंडेल जोडीनं उतरणार होते.

मीच पुरं करते. मारिकिनाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बूट शिवले. हात रिकामे राहिले की डोकं समुद्रात जातं.

२० ऑक्टोबर

वेंडेलची बहीण जोवी आली. तिलाही घरात बसवत नाही. भावाचं चिलखत ती करतेय.

तिनं ठसा दाखवला. रोडेलनं थ्रीडी प्रिंटरवर काढलेला, तळहाताएवढा. फोम गरम हवेनं तापवायचा, मऊ झाला की वरून ठसा दाबायचा. खवले उठतात, आणि प्रत्येक खवल्यावर केसासारख्या बारीक रेषा, शिंपल्यावर असतात तशा.

"जरा जपून हं, तिता. ठसाही प्लास्टिकचाच आहे." लहानपणापासून मला मावशीच म्हणते.

२१ ऑक्टोबर

ठसा वितळला. माझ्या हातून.

फोम जास्त तापला होता, मी दाबून धरला, तेवढ्यात कंपनीचा फोन. बोटीचा एक तराफा सापडला, रिकामा. फोन ठेवून पाहते तो ठसा वाकडा, रेषा सपाट. मूळ नक्षी रोडेलच्या लॅपटॉपात, आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात.

रिकामा म्हणजे काय? त्यात कुणी बसलंच नव्हतं, की बसलेले —

२३ ऑक्टोबर

रुफिनोशी भांडण. नवरा आहे, बाप आहे, तरी तोंडातून निघालं कसं?

"पाद्रीबाबांना विचारून ठेवलंय," म्हणाला. "नऊ दिवसांची प्रार्थना सुरू करू या, लिंडा."

"कुणासाठी?"

त्यानं टेबलावरच्या तुकड्यांकडे बोट केलं. म्हणाला, "त्या रबराला खवले काढून तो परत येणार आहे का?"

मी म्हटलं, "मेलेल्याचं माप कुणी घेतं का? मी घेतेय. दंड साडेतेरा इंच."

तो मागच्या अंगणात गेला. रडत होता. मी गेले नाही.

२५ ऑक्टोबर

आरीनं रेषा कोरून पाहिल्या — मांजरानं ओरबाडल्यासारख्या. तापलेल्या खिळ्यानं खवले काढले — देवी आल्यासारखे. जोवीनं फोटोवरून दुसरा ठसा छापला. त्यावर प्रिंटरचेच थर दिसतात. घासले तर बारीक रेषाही जातात.

सगळे तुकडे भिंतीवर फेकले. मग एकेक गोळा केले.

२६ ऑक्टोबर

इतके दिवस माझी अक्कल कुठे गेली होती? उजवा खांदा तर तयार आहे! त्याच्या हातचे खवले त्यावर आहेतच. चिकटू नये म्हणून त्यावरच साबण फासून प्लास्टर ओतलं की उलटा ठसा मिळेल. आणि प्लास्टर वितळत नाही.

पण खांदा खराब झाला तर? तेवढीच त्याची खूण उरलीय.

तासभर हातात धरून बसले. मग ओतलं.

२७ ऑक्टोबर

निघालं. खांद्याला धक्का नाही. दंडाच्या तुकड्यावर दाबलं, शंभर आकडे मोजले, उचललं. बारीकातली बारीक रेषा उमटली आहे. एका खवल्याचा कोपरा त्यानं चुकून चेपला होता, तोसुद्धा.

जोवी त्यावरून नुसतं बोट फिरवत राहिली. "दादाच्या चिलखतालाही हा ठसा देशील ना?" दोघींनी मिळून तिच्या चिलखताची पाठ उठवली. रुफिनो दारात येऊन पाहून गेला.

२९ ऑक्टोबर

उद्यापासून शोध बंद. बाईचा आवाज आज गोड नव्हता, रडवेला होता.

रुफिनोनं मेणबत्त्या आणल्यात. एक तारखेला, संतांच्या सणाला, सगळं गाव कबरींवर जाईल, आजोबांच्या कबरीवर रोडेलच्या नावाची एक लावायची म्हणतो. मी भांडले नाही. अंगात त्राणच नाही.

जोवीला सांगितलं. तिनं माझा हात धरला. "नको ना, तिता. तू लावलीस तर मलाही लावावी लागेल."

नाही लावणार म्हटलं. तिला वचन दिलं.

३१ ऑक्टोबर

दुपारी फोन. अनोळखी नंबर. "नानाय" — पण ती बाई नव्हती. रोडेल!

मच्छीमारांनी काल उचललं. चौघंजण. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. वेंडेल तराफ्यावर त्याच्याच शेजारी होता. आठव्या दिवसापर्यंत.

कंपनी वेंडेलच्या घरी संध्याकाळी कळवणार आहे.

चार वाजता जोवी रंग घेऊन येते. आत्ता पावणेचार.