वाटेत ठेवायचं पाणी

२० ऑक्टोबर
आल्माताईच्या नवऱ्याने अकरा पानं पाठवली! वाळवंटात पाच दिवस चालायचं, त्याला अकरा पानं. बावीस वर्षं आम्ही दोघी बहिणी जातोय — ना नळ, ना संडास, ना माणूस — आणि सगळा बेत पेट्रोलच्या पावतीच्या पाठीवर मावायचा. बीन्सचे डबे, मक्याच्या टॉर्टिया-रोट्यांची चवड, चला. दाजींचा जन्म ह्यूस्टनला विम्याच्या कचेरीत गेला. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत आणि आम्हालाच वाळवंट शिकवायला निघालेत. पान सातवर लिहिलंय, शौचाचा खड्डा सहा इंच खोल असावा. बसायला फूटपट्टी घेऊन जाणार वाटतं!

२४ ऑक्टोबर
दाजींचा फोन. वारा, सूर्यास्त, साप. मी नुसतं हं हं केलं. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, चक्कर पुन्हा आली होती का? मागच्या खेपेला उपाशीपोटी जरा भोवळ आली, ताईने मला धरून दोन मैल आणलं — एवढंच. त्याचा केवढा बाऊ! चौसष्ट म्हणजे काय म्हातारपण? या पाच दिवसांवर मी वर्ष काढते. तेही नाही म्हटलं तर उरलं काय?

२८ ऑक्टोबर
नवे बूट घालून कुत्र्याला फिरवलं. चावत नाहीत.

१ नोव्हेंबर
शेवटच्या तीन दिवसांचं पाणी आधीच नेऊन वाटेत ठेवावं लागतं. ते काम पहिल्यापासून माझं. दाजींचा कागद म्हणतो, सहा कॅन. सहा! माणशी रोज एक कॅन, यंदा दाजी धरून माणसं तीन, दिवस तीन — शाळेतलं पोरही नऊ सांगेल. आणि म्हणे काटेकोर! नऊ कॅन ट्रकमध्ये घातले, रस्ता संपतो तिथे खडकाआड लावून ठेवले, प्रत्येकावर आमची नावं आणि तारीख घातली. येताना एकटीच हसत होते.

२ नोव्हेंबर
दाजींची फजिती ऐकवायला ताईला फोन केला. मी पोट धरून हसतेय, ती हसेना. मग म्हणाली, "रोवी, त्यांचं चुकलेलं नाही. आम्ही दोघंच जातोय. मला सांगवत नव्हतं गं."

वाळवंटात जायच्या परवान्यावर माझं नाव आहे म्हणाली. खालच्या रकान्यात. रविवारी सहापर्यंत त्यांचा फोन आला नाही तर कळवणारी व्यक्ती!

बावीस वर्षं त्या रकान्यातल्या माणसांची मी कीव करत आले. म्हटलं, नवऱ्याला सांग, दुसरं कुणीतरी शोधा. फोन आपटला. मग रडले. खूप रडले.

१० नोव्हेंबर, रविवार
साडेपाचपासून फोनशेजारी बसलेय. सहा-वीस झाले. फोन नाही. पान अकरावर दाजींनी शेरीफच्या पोलीस कचेरीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलाय. लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, तुम्ही त्यांच्याबरोबर होता का?

म्हटलं, नाही. मी घरी थांबलेली बहीण.