थोरा आत्याच्या वाढदिवसाला उशीर का झाला

प्रिय थोरा आत्या,

एव्हरेटचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आम्ही इकडे डुलूथमध्ये ठीक आहोत, म्हणजे शरीराने. मनाने मी अजून बिस्मार्कच्या चर्चच्या तळघरातच उभा आहे, आणि तू कोट घालून, मांडीवर पर्स ठेवून खुर्चीत एकटी बसली आहेस. पाहुणे गेलेले, तुझा आर्विड खुर्च्या रचतोय, आणि तू एवढंच म्हणालीस, "आलात? आधी जेवून घ्या." तेव्हा मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी तुला बिटाचे फायदे सांगत बसलो. कसली अवदसा आठवली कोण जाणे. म्हणून हे पत्र.

झालं काय, की मारित आणि मी दर बुधवारी नैसर्गिक बालसंगोपनाच्या मंडळात जातो, हे तुला माहीत आहेच (तू त्याला 'ती अनवाणी माणसं' म्हणतेस, ते आर्विडने सांगितलं. रागावलो नाही). मंडळाच्या विलोबाईंनी प्रवासासाठी एक पेटी दिली. तिच्यात बोटांवर घालायच्या लोकरी बाहुल्या, लाकडी प्राणी, लोकरीचा भलामोठा गुंडा आणि बिटाच्या रसाने रंगवलेला कणकेचा गोळा. शिवाय एक तत्त्व दिलं, की प्रवास मुलांच्या गतीने करावा; मूल म्हणेल तिथे थांबावं, घाई ही मोठ्यांची व्याधी आहे. मला ते इतकं पटलं की निघताना मी घड्याळ काढून घरी ठेवलं. (तुझ्या जेवणाची वेळ बाराची होती. माहीत होतं गं मला.)

फार्गोच्या अलीकडेच ओटोने पहिल्यांदा "थांबा" म्हटलं. थांबलो. तो उतरला, रस्त्याकडेला वाकला, एक खडा उचलून खिशात टाकला आणि येऊन बसला. मारितच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांचं पोर मातीशी नातं जोडतंय म्हणाली. मग त्याने पुन्हा थांबवलं. आणि पुन्हा. सूर्यफुलांच्या शेतांपाशी तर आमची गाडी गाडी राहिली नव्हती, टपाल वाटणाऱ्यासारखी दर फाटकाशी उभी. मागे लिनेया मात्र अगदी शांत होती. सहा वर्षांची मुलगी इतकी गप्प म्हणजे विलोबाई धन्य, असं मी म्हणालोसुद्धा.

जेम्सटाऊनजवळ पोलिसाने अडवलं. कुणीतरी कळवलं होतं की एका गाडीत रक्तबंबाळ मूल आहे. ओटोने कणकेचा गोळा खाल्ला होता आणि उरलेला हनुवटीपासून पोटापर्यंत फासला होता. पोलीस म्हणाला, गाडीतून बाहेर या. मी उठायला गेलो तर उठता येईना, कारण लिनेयाने बोटांवर विणत विणत अख्खा लोकरीचा गुंडा माझा सीटचा पट्टा, माझी मान टेकायची उशी आणि माझ्या वाढवलेल्या केसांची शेंडी यांत गुंफून टाकला होता. पोलिसाला वाटलं मी आडमुठेपणा करतोय. "साहेब, विणकाम आहे," मी म्हणालो. त्याने खिशातला चाकू काढून मला सोडवलं, ओटोच्या गालावरून बोट फिरवून हुंगलं आणि म्हणाला, "बीट होय? माझी आजी लोणचं घालते." मग तो गेला, पण मारितला ओटोला धुतल्याशिवाय पुढे जायचं नव्हतं, आणि लिनेया कापलेल्या विणकामासाठी ओक्साबोक्शी रडत होती. तोवर तुझा केक कापून झाला असणार.

आई गेल्यावर तू मला ट्रकमधून राज्यभर हिंडवलंस. तुझी संगोपनाची सगळी सामग्री म्हणजे सूर्यफुलाच्या बियांची पुडी आणि "खिडकीतून बघ" हे वाक्य. मी कधी कंटाळलो नाही, आणि तू कुठे उशिरा पोचल्याचं मला आठवत नाही. काल आर्विडने सगळ्या कुटुंबाचा फोटो पाठवला. तुझ्या खुर्चीशेजारी जागा रिकामी आहे. फोटोवाला म्हणत होता, सरकून घ्या. तू कुणाला सरकू दिलं नाहीस, असं आर्विडने लिहिलंय. मी तो फोटो फ्रिजवर लावला आणि मग काढला. पुन्हा लावलाय. मला फार वाईट वाटतंय, आत्या.

तुझा,
एव्हरेट

ता. क. ख्रिसमसला आम्ही तिकडे येणं तुझ्या हिताचं नाही. तूच बसने ये.

ता. क. २. येताना तो गाडीत लावायचा छोटा टीव्ही घेऊन ये, जो तू पाठवला होतास आणि मी डोळ्यांच्या आरोग्याचं पत्रक जोडून परत केला होता. मारित म्हणते, हे वाक्य तिने वाचलेलं नाही.

ता. क. ३. आज कपडे धुताना यंत्र खडखडलं. ओटोच्या पँटच्या खिशात खडे निघाले. फेकायला गेलो तर तो धावत आला. आत्याआजीला ऐंशी वर्षं झाली म्हणून तो ऐंशी खडे जमवत होता, आणि पुरे झाले नाहीत म्हणून लाजून त्याने तुला दिलेच नाहीत. आता ते पिशवीत घालून त्याच्या उशाशी ठेवलेत. त्याचा निरोप असा, की उरलेले तू येताना वाटेत वेच. बसवाला थांबत नसेल, तर ओटोने सांगितलंय म्हणून सांग.